पोराचा जामीन: मेढा परिसरातील व्यसन, शाळा आणि पालकांची जबाबदारी

शाळेत विद्यार्थ्याच्या दप्तरात गांजाची किंवा एमडीची (मेफेड्रोनची) पुडी सापडली, तर घरच्यांची जबाबदारी किती आणि कोणती, या प्रश्नाला महाराष्ट्रात किमान सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. या काळात कायद्याने पालकाला कधी दंड केला, कधी जामीन राहायला लावले, तर कधी मुलासोबत समुपदेशनाला बसवले. समाजानेही कधी बापाला बोल लावला आणि कधी सगळ्या गावाने मिळून ते ओझे उचलले. सातारा जिल्ह्यातील मेढा आणि भोवतालचा जावळी तालुका या भागात हा इतिहास विशेष ठळक दिसतो. घरातला कर्ता पुरुष मुंबईत आणि मुले गावी, अशी इथली पिढ्यान्‌पिढ्यांची स्थिती. व्यसनाविरुद्ध उभ्या राहिलेल्या महिलांच्या चळवळीमुळेही हाच तालुका राज्यभर ओळखला गेला.

मेढा आणि जावळी

मेढा हे वेण्णा नदीकाठचे गाव जावळी तालुक्याचे मुख्यालय आहे. वेण्णा महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते, मेढ्यावरून पुढे कण्हेर धरणात येते आणि साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेला मिळते. तालुक्याची दुसरी बाजू कोयनेच्या खोऱ्यात उतरते. चंद्रराव मोऱ्यांची जावळी शिवाजी महाराजांनी 1656 मध्ये घेतली, तेव्हापासून या मुलखाचे नाव महाराष्ट्राच्या तोंडी आहे. इथली जमीन मात्र डोंगरउताराची आणि पाऊस अतोनात. भात आणि नाचणीवर वर्ष निघत नसे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इथल्या माणसांनी मुंबईच्या गिरण्यांची आणि गोद्यांची वाट धरली. कोयना धरणात खोऱ्यातल्या जमिनी गेल्यावर ही वाट आणखी रुळली. पुढे माथाडी कामगार म्हणून नवी मुंबईच्या बाजारात जावळी आणि पाटणची माणसे मोठ्या संख्येने गेली.

अशा घरांत मुलांवर लक्ष ठेवण्याचे काम आई, आजी आणि चुलत्यांकडे आले. बापाची हजेरी मनीऑर्डरने, पत्राने आणि गणपती-जत्रेच्या सुट्टीत लागे. पालक म्हणून कागदावर सही एकाची आणि रोजचे संगोपन दुसऱ्याचे, ही स्थिती लक्षात घेतल्याशिवाय या भागातील पालकांच्या जबाबदारीचा विचार पुरा होत नाही.

घरातली अफू

अंमली पदार्थाची मुलाशी पहिली गाठ शाळेत पडली, असे इतिहास सांगत नाही. ती घरातच पडली. तान्ह्या बाळाला शांत झोप लागावी म्हणून अफूचा अंश असलेली बाळगोळी देण्याची चाल पश्चिम भारतात जुनी होती. मुंबईच्या चाळींत गिरणीवर जाणाऱ्या बायका कामाच्या पाळीपुरते मूल झोपवून ठेवण्यासाठी तिचा वापर करत. या गिरणीकामगारांमध्ये घाटावरची, म्हणजे सातारा-पुणे भागातली कुटुंबे पुष्कळ होती. 1931 च्या शाही कामगार आयोगाने या चालीची दखल घेतली. दुपट्यात मूल, उशाशी बाळगोळीची डबी आणि आई दहा तास सांच्यावर, असे हे चित्र होते. त्यात क्रौर्य नव्हते. मजुरी बुडाली तर चूल पेटणार नाही, ही भीती होती. उपाय सापडला तोही आईला शिक्षा करून नव्हे. गिरण्यांत पाळणाघरे, बाळंतपणाची रजा आणि आरोग्यसेविकांची घरभेट या गोष्टी जसजशा आल्या, तसतशी बाळगोळी मागे पडली. पालकाची चूक दिसते तिथे आधी त्याची अडचण पाहावी, हा धडा या प्रकरणातून मिळतो आणि तो आजही लागू पडतो.

गांजा आणि भांगेबाबत ब्रिटिश सरकारने 1893-94 मध्ये हेम्प ड्रग्ज कमिशन नेमले. या आयोगाने मध्यम प्रमाणातील सेवनावर सरसकट बंदी घालण्याची गरज नाही, असा निष्कर्ष काढला आणि परवाने व करांद्वारे नियंत्रणाचा मार्ग सुचवला. मुंबई इलाख्यात 1878 च्या अबकारी कायद्यानुसार दारू आणि मादक पदार्थांतून सरकारी तिजोरीत महसूल येत होता. सरकारचे उत्पन्न आणि रयतेचे व्यसन यांची ही सांगड महात्मा जोतीराव फुल्यांनी वेळीच ओळखली. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना 1880 मध्ये त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली होती.

जामिनाची सुरुवात

गुन्हा केलेल्या मुलासाठी प्रौढांपेक्षा वेगळी वाट काढण्याचे प्रयत्न मुंबईत लवकर सुरू झाले. डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा 1857 मध्ये निघाली. 1876 च्या आणि नंतर 1897 च्या सुधारशाळा कायद्याने अशा संस्थांना चौकट दिली. 1897 च्या कायद्यातील कलम 31 या इतिहासात फार महत्त्वाचे आहे. बालगुन्हेगाराला तुरुंगात किंवा सुधारशाळेत धाडण्याऐवजी समज देऊन सोडण्याचा, नाहीतर आईबाप, पालक किंवा जवळच्या वडीलधाऱ्या नातेवाइकाच्या स्वाधीन करण्याचा अधिकार या कलमाने न्यायालयाला दिला. मूल ताब्यात घेणाऱ्याने त्याच्या चांगल्या वागणुकीची हमी देणारा मुचलका लिहून द्यायचा आणि त्याची मुदत बारा महिन्यांपर्यंत. बाप इथे गुन्हेगाराचा साथीदार राहिला नाही, तो मुलाचा जामीन झाला. आजी किंवा चुलता हेही जामीन होऊ शकतील इतकी जागा त्या शब्दांत होती.

इंग्लंडच्या 1908 च्या बालक कायद्याने मुलाच्या गुन्ह्याचा दंड पालकाकडून वसूल करण्याची तरतूद केली. पालक सापडत नसेल, किंवा त्याच्या दुर्लक्षामुळे गुन्हा घडलेला नसेल, तर मात्र त्याला सूट होती. मुलाचे वागणे आणि पालकाचे दुर्लक्ष यांचा संबंध आधी सिद्ध झाला पाहिजे, हे तत्त्व त्यातून रुजले. याच धर्तीवर मद्रासमध्ये 1920, बंगालमध्ये 1922 आणि मुंबई इलाख्यात 1924 साली बालक कायदे झाले. 1927 मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि डोंगरीच्या बालगृहाचे काम तिच्याकडे आले. मुंबईचा कायदा 1948 मध्ये नव्याने लिहिला गेला. देशभरासाठी एकच बाल न्याय कायदा यायला 1986 उजाडावे लागले.

शाळा, वसतिगृह आणि पालकत्व

शाळेच्या संदर्भात पालकावर पहिली कायदेशीर जबाबदारी आली ती मुलाला शाळेत पाठवण्याची. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना 1 रुपया दंड ठेवला. त्या काळच्या शेतमजुराला हा दंड जड होता, पण त्याच हाताने महाराजांनी शाळा आणि वसतिगृहेही काढली. मागणी आणि मदत एकत्र आली, म्हणून तो कायदा लोकांच्या गळी उतरला.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये सातारा शहरात वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत, स्वतः राबत आणि शिकत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या मुलांच्या आई झाल्या. वसतिगृह चालवण्यासाठी त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही दिले. ज्यांचे आईबाप दूर, अशिक्षित किंवा हयात नव्हते, अशा मुलांचे पालकत्व संस्थेने स्वीकारले. पुढे डोंगरी भागात शाळा आणि वसतिगृहे पसरली, तेव्हा शिक्षकाने मुलाच्या घरची विचारपूस करणे हा त्याच्या कामाचाच भाग मानला गेला. मुलगा दोन दिवस वर्गात दिसला नाही की मास्तर घरी हजर, ही या भागातल्या जुन्या पिढीच्या ओळखीची रीत होती.

दारूबंदीपासून गर्दपर्यंत

स्वातंत्र्यलढ्यात व्यसनाचा प्रश्न सातारा जिल्ह्याने स्वतःच्या हाती घेतला. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने 1943 ते 1946 या काळात गावोगावी न्यायदान मंडळे चालवली, दारूच्या भट्ट्या मोडल्या आणि जुगार बंद पाडले. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजचा सांगलीचा मोठा भाग होता. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. मुंबई दारूबंदी कायदाही 1949 चाच. 1960 च्या दशकात ही बंदी सैल झाली आणि परवान्यांचे राज्य आले.

अंमली पदार्थांबाबत 1930 चा डेंजरस ड्रग्ज कायदा जाऊन 1985 मध्ये एनडीपीएस, म्हणजे अंमली औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा, कायदा आला. तो 14 नोव्हेंबर 1985 पासून लागू झाला. याच सुमारास मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, कॉलेजच्या आणि झोपडपट्टीच्या मुलांपर्यंत पोहोचली होती. अनिल अवचट यांनी या मुलांमध्ये फिरून लिहिलेले ‘गर्द’ घराघरांत वाचले गेले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी 1 लाख रुपयांची देणगी दिली आणि डॉ. अनिता अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ‘परिवर्तन’ संस्थेच्या रूपाने हेच काम उभे केले.

या केंद्रांनी पालकांची भूमिका बदलून टाकली. तोवर घरातले व्यसन म्हणजे लपवायची गोष्ट होती. मुक्तांगणमध्ये व्यसनी माणूस हा रुग्ण, असे समजून उपचार होऊ लागले आणि कुटुंबालाही त्या उपचारात ओढले गेले. मुलाला पैसे कसे मिळतात, घरात खोटे कुणी कुणासाठी बोलते, बाप मारतो तेव्हा आई काय लपवते, याची उघड चर्चा होऊ लागली. मार देऊन किंवा गावाला पाठवून देऊन व्यसन सुटत नाही आणि सगळे पोटात घालूनही सुटत नाही, हे अनेक घरांनी तिथे प्रथमच ऐकले.

आडवी बाटली

जावळी तालुक्यात व्यसनाविरुद्धची चळवळ वारकरी वळणाने वाढली. कीर्तनकार बंडातात्या कराडकर यांच्या व्यसनमुक्त युवक संघाने सातारा जिल्ह्यातील तरुणांना एकत्र केले. गळ्यात तुळशीची माळ घातली की दारू आणि मांसाहार सोडायचा, ही वारकऱ्यांची शिस्त त्या कामाला आधाराला होती. जावळीत विलासबाबा जवळ यांनी ते काम पुढे नेले.

25 मार्च 2008 च्या शासकीय आदेशाने या चळवळीला कायद्याचे हत्यार दिले. गावातील किमान 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की गुप्त मतदान घ्यायचे. मतपत्रिकेवर दोन चित्रे, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते पडली, तर दुकान बंद. अट कठीण होती, कारण मतदानाला न आलेली बाईही हिशेबात दुकानाच्या बाजूने धरली जाते. तरीही मेढ्यासह जावळी तालुक्यात महिलांनी दुकाने बंद करून दाखवली आणि लोकचळवळीतून दारूबंदी करणारा तालुका म्हणून जावळीचे नाव झाले. नवरा मुंबईला, मुलगा हाताशी आलेला आणि दुकान रस्त्यालाच. अशा घरांतल्या बायकांनी स्वतःच्या मुलाची जबाबदारी गावाच्या पातळीवर नेली. चोरट्या विक्रीशी झगडा मात्र संपला नाही. दुकान बंद करणे हे मतपेटीचे काम होते; मुलाच्या हाताला काय लागते याकडे लक्ष देणे हे रोजचे काम ठरले.

डोंगरापर्यंत पोहोचलेले एमडी

मेफेड्रोन, म्हणजे एमडी, हा रसायनांतून बनणारा पदार्थ केंद्र सरकारने फेब्रुवारी 2015 मध्ये एनडीपीएसच्या यादीत घातला. त्याला शेत लागत नाही. रसायने, एक शेड आणि जाणकार माणूस पुरतो. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांच्या मोठ्या कारवाईत सांगलीजवळच्या कुपवाडमधून एमडीचा साठा जप्त झाला. जानेवारी 2025 मध्ये विट्याजवळ कार्वेच्या औद्योगिक वसाहतीत ते बनवणारा कारखाना सापडला. डिसेंबर 2025 मध्ये खुद्द जावळी तालुक्यातील सावरी गावाच्या हद्दीत मुंबई गुन्हे शाखेने छापा घालून असाच अड्डा उघडकीस आणला. दारूची बाटली लपवायला अवघड असते. एमडीची पुडी कंपासपेटीत मावते, तिला फारसा वास नसतो आणि आजीच्या नजरेला ती ओळखूही येत नाही.

एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत आणखी एक गोष्ट समोर आली. हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण 10 ते 17 वयोगटात 1.17 टक्के आणि प्रौढांत 0.58 टक्के आढळले. प्रौढांपेक्षा मुलांत जास्त आढळणारा नशेचा प्रकार हा एकच. व्हाइटनर, पंक्चरचे सोल्युशन या वस्तू स्टेशनरीच्या आणि सायकलच्या दुकानात मिळतात.

पुडी सापडल्यावर

आज शाळेत अशी घटना घडली, तर 2015 चा बाल न्याय कायदा लागू होतो. अठरा वर्षांखालील मुलाला कायदा ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. ताब्यात घेतल्यास आईवडिलांना कळवावे लागते आणि 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्यांपैकी एक महिला असणे बंधनकारक आहे.

एनडीपीएस कायदा सापडलेल्या पदार्थाचे प्रमाणही पाहतो. गांजा 1 किलोपर्यंत, चरस 100 ग्रॅमपर्यंत, हेरॉइन 5 ग्रॅमपर्यंत आणि एमडी 2 ग्रॅमपर्यंत असेल, तर ते ‘अल्प प्रमाण’ ठरते. अल्प प्रमाणातील प्रकरणात, प्रौढ सोबत नसेल तर, बाल न्यायाच्या 2016 च्या आदर्श नियमांनुसार मुलावर प्रथम माहिती अहवाल नोंदवला जात नाही. स्टेशन डायरीत नोंद होते आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल तयार होतो. घरात कोण राहते, वडील कामाला कुठे असतात, मुलगा शाळेत कधीपासून येईनासा झाला, मित्र कोण, घरात आणखी कुणाला व्यसन आहे का, हे सगळे त्यात येते. पालकाने खरे बोलण्याची पहिली वेळ हीच. झाकून ठेवलेली गोष्ट मुलाला पुढे नडते.

बाल न्याय कायद्याच्या कलम 18 मध्ये मंडळाला अनेक वाटा दिल्या आहेत. समज देऊन मुलाला घरी पाठवता येते आणि त्याच वेळी मुलाचे व पालकांचे समुपदेशन करता येते. सामाजिक सेवा सांगता येते. मुलाला किंवा पालकांना दंड करता येतो. मुलाला पालकांच्या देखरेखीखाली सोडून त्यांच्याकडून जास्तीत जास्त तीन वर्षांचे हमीपत्र घेता येते. शाळेत जाण्याचा किंवा व्यसनमुक्ती उपचार घेण्याचा आदेशही देता येतो. 1897 चा बारा महिन्यांचा मुचलका इथे तीन वर्षांचा झाला आणि त्याला उपचाराची व समुपदेशनाची जोड मिळाली. मुलाची ओळख उघड करायला कलम 74 मनाई करते, त्यामुळे त्याचे नाव किंवा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवणे हा गुन्हा आहे.

शाळेवरही बंधने आहेत. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही आणि शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करता येत नाही. नववी-दहावीच्या मुलाचा दाखला घरच्यांच्या हातात ठेवून मोकळे होणे सोपे असते. पण शाळा सुटलेल्या मुलाचा सगळा दिवस रिकामा होतो आणि पुडी देणाऱ्याला तेच हवे असते.

जबाबदारीची मर्यादा

मुलाकडे अंमली पदार्थ सापडला एवढ्यावरून पालक गुन्हेगार ठरत नाही. आपल्या घराचा अशा गुन्ह्यासाठी वापर त्याने जाणूनबुजून होऊ दिला, तर एनडीपीएसच्या कलम 25 नुसार तो जबाबदार धरला जातो. मुलाकडे हेतुपुरस्सर दुर्लक्ष केले, तर बाल न्याय कायद्याचे कलम 75 लागू होऊ शकते. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. विकायला किंवा ने-आण करायला मुलाला वापरणाऱ्यासाठी कलम 78 मध्ये तेवढीच शिक्षा आहे. तंबाखू आणि सिगारेटबाबत 2003 च्या कायद्याने शाळेपासून 100 यार्डांच्या आत विक्रीला बंदी केली, तर गुटख्यावर महाराष्ट्राने 2012 मध्ये बंदी घातली. स्वतःहून उपचार घ्यायला तयार असलेल्या व्यसनीला एनडीपीएसचे कलम 64-अ काही प्रकरणांत खटल्यापासून संरक्षण देते.

या सगळ्या तरतुदी एकत्र वाचल्या की कायद्याची अपेक्षा स्पष्ट होते. पालकाने मुलाला पाठीशी घालू नये आणि वाऱ्यावरही सोडू नये. पुडी कुठून आली हे पोलिसांना सांगण्यासाठी मुलाला धीर द्यावा, मंडळाच्या तारखांना सोबत हजर राहावे, उपचार अर्धवट सोडू देऊ नये आणि शाळा चालू ठेवावी. जावळीसारख्या भागात वडील मुंबईत असतील, तर रोज घरात असणाऱ्या माणसाला, मग ती आजी असो की मामा, या प्रक्रियेत सामील करून घेणे शाळेचे आणि मंडळाचे काम आहे. त्यासाठी 1897 च्या कायद्यातच ‘जवळच्या वडीलधाऱ्या नातेवाइका’ला जागा होती.

बाळगोळीची चाल पाळणाघरांनी मोडली, शाळेची सक्ती वसतिगृहांनी पेलली आणि मेढ्यातील दुकाने महिलांच्या मतांनी बंद झाली. या तिन्ही वेळी घरच्यांवर जबाबदारी टाकताना ती पेलण्याचे बळही कुणीतरी त्यांना दिले, म्हणून बदल घडला. शाळेत पुडी सापडलेल्या मुलाच्या बाबतीत ते बळ शिक्षक, समुपदेशक, व्यसनमुक्ती केंद्र आणि गाव यांच्याकडून यायला हवे. त्याच्या आधाराने पालक मुलाचा खरा जामीन होऊ शकतो.